बाळानं मान धरण्याआधी

भाचीला आणि तिच्या सात आठवड्यांच्या लेकाला डिचोलीहून मडगावला सासरी पोचवायला मी सोबत निघाले होते. नवी कोरी कारसीट मागच्या बाकावर उलट्या तोंडानं बसवलेली. माशेलच्या आसपास भाची घाबरून म्हणाली, "मावशी, मान बघ गो त्याची, कशी पडली!" बाळाची हनुवटी छातीला टेकली होती आणि श्वासाला बारीक घरघर येत होती. गाडी कडेला घेतली, त्याला उचललं, घरघर थांबली. मग सीटकडे नीट पाहिलं. डोक्यामागे आजीनं मायेनं दिलेली मोहरीची उशी होती.

बाळानं मान धरली, असं आपण साधारण तीन-चार महिन्यांनी म्हणतो. तोवर ती दुसऱ्या कुणीतरी धरायची असते. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते साधारण एक अष्टमांश. एवढा भार पेलायला मानेचे स्नायू अजून तयार नसतात. त्यातून डोक्याचा मागचा भाग फुगीर, म्हणून बसतं केलं की डोकं आपसूक पुढे झुकू पाहतं. त्याच्यामागे उशी सारली, की ते आणखी पुढे ढकललं जातं.

मान एका बाजूला कलली की घरातली सगळी कासावीस होतात, पण खरा धोका हनुवटी खाली जाण्यात आहे. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम 4 मिलिमीटर रुंद आणि मऊ कूर्चेची असते. मान पुढे दुमडली की गळ्यातली हवेची वाट चेपते. अरुंद नळीचं गणित निष्ठुर असतं: सरळ, संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट नाही, 16 पट होतो. आणि गुदमरणारं तान्हं बाळ रडेलच असं नाही. ते शांत झोपल्यासारखं दिसतं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून पूर्ण दिवस न भरता जन्मलेल्या बाळांना घरी सोडण्यापूर्वी काही रुग्णालयांत कारसीटमध्ये दीड-दोन तास बसवून प्राणवायू, श्वास आणि हृदयाचे ठोके तपासतात.

उपाय डोक्यापाशी नसून सीटच्या बुडाशी आहे. गाडीचा बाक पाठीकडे उतरता असतो. उलट्या तोंडाच्या सीटमध्ये बाळाचे पाय त्या उताराकडे येतात, म्हणून सीट उभी होते आणि डोकं पुढे पडतं. नवजात बाळासाठी ती साधारण 45 अंशांत रेललेली हवी. बऱ्याच सीटवर त्यासाठी खुणेची रेघ असते; ती गाडी सपाट जागी उभी करून पाहायची, चढावर नव्हे. रेघ जुळत नसेल आणि सीटच्या पुस्तिकेत मुभा असेल, तर बाक आणि पाठ मिळतात त्या खाचेत पंच्याची घट्ट गुंडाळी घालायची. आम्ही तेच केलं.

डोकं फारच डुलत असेल तर दोन्ही बाजूंना दुपट्याच्या छोट्या गुंडाळ्या चालतात. डोक्यामागे किंवा अंगाखाली मात्र काही नको. सीटसोबत आलेली गादी तेवढी ठेवावी. पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून आलेले आणि चिमटीत न येण्याइतके घट्ट हवेत. पट्टे सैल असले की बाळ घसरतं आणि हनुवटी पुन्हा खाली जाते.

"तोंड पुढे केलं असतं तर निदान दिसलं तरी असतं," भाची म्हणाली. तिचं मन कळतं, पण ते करायचं नाही. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, त्यावरून स्वीडनच्या बर्टिल ऑल्डमन यांना उलट्या सीटची कल्पना सुचली. 1964 साली तिचा पहिला नमुना तपासला गेला. समोरून धडक बसली की डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटमध्ये दाबली जातात, एकट्या मानेवर हिसका येत नाही. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर 1000 रुपये दंड आहे. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर उलटी सीट कधीच लावू नये.

उरलेला रस्ता मी मागे बाळाशेजारी बसले. प्रत्येक गतिरोधकानंतर हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक बोट आडवं मावतंय ना, हे पाहत होते. मडगावला पोचलो तरी तो झोपलेलाच. "उठेल, सीटसकटच आत नेऊया," जावई म्हणाले. पण घरात जमिनीवर ठेवली की त्या सीटचा कोन बदलतो, आणि ती अंथरूण नव्हेच. पट्टे सोडून त्याला उचललं आणि सपाट गादीवर, उशीविना, उताणं ठेवलं. त्यानं एकदा ओठ चोखले आणि पुन्हा झोपला.