न सैलावणारी झडप : ‘पोएम’ या उपचारामागचा इतिहास
१६७४ साली इंग्लंडमधले डॉक्टर टॉमस विलिस यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. खाल्लेले पोटात उतरत नव्हते, सगळे उलटून पडे. विलिस यांनी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीची कांडी केली, टोकाला स्पंज बांधला आणि खाल्लेला घास तिने खाली ढकलायला त्याला शिकवले. पुढे सुमारे १५ वर्षे तो माणूस रोज असाच जेवला. ही चिकाटी वाचताना माझा तरी गळा दाटून येतो.

या आजाराला ॲकॅलेझिया म्हणतात. अन्ननलिका जठराला मिळते तिथली स्नायूंची झडप घास आल्यावर सैल पडायला हवी; तिला तसे सांगणाऱ्या चेतापेशीच नष्ट झालेल्या असतात. त्या परत आणणारे औषध आजही नाही. म्हणून मुख्यतः झडप ताणायची किंवा कापायची, हेच हाती उरते.

कापण्याचा मार्ग एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये जर्मनीतल्या लायपझिगला दाखवला. त्यासाठी मोठी चीर घ्यावी लागे. १९९०च्या दशकात तेच काम पोटावरच्या छोट्या छिद्रांतून होऊ लागले, पण झडपेपर्यंत जायचे ते बाहेरूनच.

तोंडावाटे जाऊन आतून कापायला भीती होती ती भोकाची. अस्तर आणि स्नायू एकाच जागी कापले, तर लाळ आणि अन्न छातीत झिरपून जीवघेणा जंतुसंसर्ग होतो. २००७ मध्ये भारतीय वंशाचे पंकज पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर वेगळी वाट आजमावली : अस्तराला छेद वरच्या बाजूला द्यायचा, अस्तराखालून बोगदा काढत खाली जायचे आणि स्नायू तिथे कापायचा. दोन्ही छेद समोरासमोर येतच नाहीत. वरचे तोंड क्लिपांनी मिटले की काम झाले. मला ही कल्पना या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

८ सप्टेंबर २००८ रोजी जपानमध्ये योकोहामाला हारुहिरो इनोऊ यांनी ती माणसावर वापरली. पेरोरल एंडोस्कोपिक मायोटॉमी (तोंडावाटे दुर्बीण घालून स्नायू कापणे), म्हणजेच ‘पोएम’, ती हीच. पहिल्या १७ रुग्णांचा अहवाल २०१० मध्ये आला. २०१९ मध्ये २२१ रुग्णांच्या चाचणीत, दोन वर्षांनंतर पडलेल्या आरामात ती पोटावरच्या छिद्रांतून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरली.

आम्लपित्त वर येण्याचा त्रास मात्र पोएमनंतर जास्त दिसला. शस्त्रक्रियेत सर्जन जठराचा पदर अन्ननलिकेभोवती घालून तो आवरतात. नेहमीच्या पोएममध्ये तसे होत नाही. २०१९ मध्येच इनोऊ यांच्या चमूने बोगद्यातूनच पदर घालण्याचा आपला पहिला अनुभव मांडला.