पळासनेरचा उतार आणि ट्रान्सपोर्ट कंपनीचा दर्जा

बिजासन घाट उतरून आग्रा रोडने महाराष्ट्रात शिरलं की शिरपूर तालुक्यातलं पळासनेर लागतं. ४ जुलै २०२३ ला सकाळी तिथे एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. पुढच्या गाड्यांना उडवत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्याआधी १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला होता. मालावर बसून घरी निघालेले पंधरा मजूर त्याखाली दबून मेले.

अशा वेळी आपल्याकडे दोन गोष्टी लगेच सापडतात, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हर. गाडी ज्याच्या धंद्यात होती त्याच्या बाकीच्या गाड्या किती वेळा ओव्हरलोड पकडल्या गेल्या, त्यांचे ब्रेक कसे असतात, ड्रायव्हरला झोप मिळते का, हे एका जागी दिसेल अशी सोय नाही. माल देणारा व्यापारी भाडं विचारतो, गाडी कधी लागेल ते विचारतो. कंपनीचा सुरक्षेचा दर्जा विचारायचा म्हटलं तरी विचारणार कुणाला?

अमेरिकेत असा दर्जा आहे आणि तोही एका दिवसात आला नाही. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने तिथल्या मालवाहतुकीवर पहिल्यांदा केंद्राचं नियंत्रण आलं, आणि तीसचं दशक संपता संपता ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर मर्यादा. पण वाहतूक कंपनी रस्त्यावर यायला लायक आहे का, हे ठरवायची पद्धत बसवा असा हुकूम निघाला तो १९८४ च्या कायद्याने. त्यातून तीन शिक्के आले: समाधानकारक, सशर्त आणि असमाधानकारक. १ जानेवारी २००० पासून हे काम स्वतंत्र संघराज्य खात्याकडे गेलं. २०१० च्या अखेरीस रस्त्यावरच्या तपासण्यांतून दरमहा गुण काढणारी नवी पद्धत सुरू झाली. तिच्यात चोवीस महिन्यांची नोंद धरतात. ताज्या सहा महिन्यांतल्या चुकीला तिप्पट वजन, त्याआधीच्या सहा महिन्यांतल्या चुकीला दुप्पट. म्हणजे आजपासून सुधारलात तर जुनं पाप हळूहळू हलकं होतं. शिक्का घसरला तर काय चुकलं, का चुकलं आणि काय बदललं याचे पुरावे देऊन तो वाढवून मागता येतो. असमाधानकारक शिक्क्याची नोटीस आली की साध्या मालाच्या कंपनीला साठ दिवस मिळतात, घातक माल किंवा प्रवासी नेणारीला पंचेचाळीस. तेवढ्यात सुधारणा दाखवली नाही तर गाड्या उभ्या.

तिथेही भांडणं झालीच. ज्याच्याकडे चारच गाड्या, त्याच्या तपासण्या मोजक्या, मग एका वाईट दिवशी त्याचा आकडा पार बिघडतो, अशी लहान मालकांची तक्रार होती. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने या गुणांवरून इतरांच्या तुलनेत कोण कुठे हे दाखवणारी मालवाहू कंपन्यांची टक्केवारी लोकांसमोरून काढून घेतली. लहान मालकाचा हा मुद्दा खान्देशात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, पण पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक क्लीनर एवढाच ज्याचा संसार, तो त्यातून सुटला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडबद्दल एक धारदार वाक्य आहे: ड्रायव्हर मालक नसेल तर हा गुन्हा मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्याच सांगण्यावरून झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. कायदा करणाऱ्याला वजनकाट्यावर काय चालतं हे चांगलं माहीत होतं. भाडं टनावर ठरतं, मग जास्तीचे चार टन ड्रायव्हर स्वतःच्या हौसेने कशाला भरेल?

तरी बरीच वर्षं दंड म्हणजे जणू परवान्याची फी झाली होती. भरला की गाडी तशीच पुढे. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंड भरल्याने जादा माल नेण्याचा हक्क मिळत नाही, तो उतरवलाच पाहिजे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने क्षमताच वाढवली, दहा चाकी गाडी, मालासकट एकूण वजन धरून, पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली. १ सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडचा मूळ दंड दोन हजारांवरून वीस हजार झाला आणि टनामागे हजाराचे दोन हजार. पासिंगचं, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीचं, म्हणाल तर ती आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. पासिंगच्या दिवशी चांगले टायर चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचे, ही गोष्ट कुठल्याही गॅरेजवाल्याला नवी नाही.

या सगळ्यात मोजमाप होतं ते गाडीचं. धंद्याचं होत नाही, कारण कागदावर धंदा सापडतच नाही. रावेर-यावलची केळी, जळगावची डाळ आणि पाइप, दीपनगरच्या वीज केंद्राची राख, नंदुरबारची मिरची हे सगळं उचलणाऱ्या बहुतेक गाड्या एका, दोन, तीन गाड्यांच्या मालकांच्या असतात. मधे ट्रान्सपोर्टवाला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडतो, त्याच्या स्वतःच्या गाड्या असतात किंवा नसतात. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने त्याला नोंदणी सक्तीची केली, पण त्या नोंदणीला गुण जोडले नाहीत. आणि ज्याच्या गाड्या खरंच जास्त आहेत त्याला करकायदाच त्या वाटून टाकायला सांगतो. प्राप्तिकर कायद्यात १९९४ साली आलेल्या ४४ एई कलमाने दहापर्यंत गाड्या असलेल्याला ठोक हिशेबाने कर भरायची मुभा दिली. जड गाडीला महिन्याला टनामागे हजार रुपये उत्पन्न धरलं की वह्या दाखवायची गरज नाही. अकरावी गाडी आली की ही सवलत गेली. मग ती भावाच्या नावावर, बायकोच्या नावावर, मेहुण्याच्या नावावर येते. बेकायदेशीर त्यात काही नाही. पण वीस गाड्यांचा एकच कारभार तीन-चार नावांत विखुरतो. एमएच १८, १९ आणि ३९ च्या, म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या, गाड्यांवरचं प्रत्येक ई-चलान आज संगणकात आहे. ते नंबरप्रमाणे काढता येतं, नोंदणीच्या नावाप्रमाणेही जुळवता येईल. पण सकाळी कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी काढायची आणि काट्यावर किती भरायचं हे जो फोनवर सांगतो, त्याचं नाव बहुतेक वेळा त्यातल्या एखाद-दुसऱ्याच आरसी बुकावर असतं.