कोल्हापुरी चप्पल : डिझायनर आणि कारागीर यांचा सहयोग

कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूरकरांच्या भाषेत पायताण, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमाभागातील चर्मकार घराणी पिढ्यान्‌पिढ्या बनवत आली आहेत. आजचे डिझायनर आणि फॅशन कंपन्या या कारागिरांबरोबर नव्या घाटाची पायताणे, पिशव्या व इतर वस्तू घडवून घेतात, त्या व्यवहाराविषयी ही नोंद आहे. त्याचे मोल ठरवताना एक प्रश्न टाळता येत नाही : घडवणाऱ्याचे नाव आणि दाम त्याच्यापर्यंत पोहोचतात का?

या चपलेचा जीव कातड्यात आहे. कातडे चुन्यात भिजवून केस काढतात. मग त्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरतात. रसायनांऐवजी झाडपाल्यावर कमावलेले हे कातडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. पूर्वी कमावणे ढोर समाजाकडे आणि चप्पल घडवणे चर्मकारांकडे, अशी वाटणी होती. तळाचे थर रापीने कापून आरीने भोके पाडतात आणि चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडात खिळा नसतो. दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, वरचा पट्टा आणि त्यावरची वेणी यांवरून कापशीसारखे प्रकार ओळखू येतात. वेणी घालणे आणि शिवणे ही कामे बऱ्याच घरांत बायका करतात, आणि चपलेच्या कौतुकात त्यांचाच उल्लेख सर्वांत कमी होतो. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला.

डिझायनर येतो तो ठरावीक अडचणी घेऊन. नवी कोल्हापुरी चावते. तेल पाजून, वापरून ती पायाला मऊ करावी लागते. शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र पहिल्याच दिवशी ती मऊ हवी असते. त्याला परदेशी मापे, दहाही जोडांत सारखा रंग आणि तळाला थोडी उशी हवी असते. हाताने कमावलेल्या दोन कातड्यांचा रंग हुबेहूब एक येत नाही, हे अनुभवी कारागीर त्याला पहिल्याच भेटीत सांगतो. चांगल्या सहयोगात डिझायनर इथे थांबतो आणि आपला नमुना बदलतो. कारागिराने हात बदलावा असा हट्ट धरला, तर वेणीही यंत्रावर जाते आणि नावापुरती कोल्हापुरी उरते.

सहयोगात चामडेच असले पाहिजे असेही नाही. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी लागू झाल्यावर कच्च्या मालाची ओढाताण वाढली. पुढे मुंबईत सुधीर राजभर यांच्या चमार स्टुडिओने चर्मकारांच्या कौशल्याला पुनर्वापरातील रबराची जोड दिली आणि ज्या जातिनामाने हिणवले गेले तेच अभिमानाने वस्तूवर कोरले. या क्षेत्रातला हा सर्वांत धीट निर्णय म्हणावा लागेल.

या विषयाकडे जगाचे लक्ष गेले ते 2025 मध्ये. 22 जूनला मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पायताणे मांडली, पण कोल्हापूरचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने आक्षेप घेतल्यावर, प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैत तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी (लिडकॉम) आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळाशी तिचा करार झाला. जाहीर योजना अशी : दोन्ही राज्यांत 2,000 जोड बनवायचे, फेब्रुवारी 2026 पासून जगभरातील 40 दुकानांत आणि ऑनलाइन सुमारे 800 युरोला विकायचे, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे. कोल्हापूरच्या बाजारात चांगला हाती जोड दोन-तीन हजार रुपयांत मिळतो. मधल्या फरकातला किती वाटा रापी धरणाऱ्या हाताला मिळतो, यावरूनच हा करार जोखावा.

कोल्हापुरी चपलेचे 2019 मध्ये जाहीर झालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागात घडलेल्या वस्तूच्या नावाला मिळालेले कायदेशीर संरक्षण, लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांच्या नावे आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. त्यामुळे कारागिराच्या वतीने करार करणे आणि दाद मागणे ही जबाबदारी मुख्यतः महामंडळांवर येते. चप्पल कोणी व कुठे घडवली हे गिऱ्हाइकाला कळावे, म्हणून लिडकॉमने क्यूआर कोडची सोय आणली आहे.