पोळी वातड का होते?

सकाळची पोळी संध्याकाळी तोडायला गेलं तर तुटत नाही, नुसती ताणली जाते. ही पोळी वातड. कडक नव्हे, कडक वस्तू मोडते. चिवटही नव्हे, चिवट म्हणून माणसाचं कौतुक होतं, वातड म्हणून कुणाचंच होत नाही.

शब्दात 'वात' दिसतो, म्हणून 'वारा लागला, पाणी उडालं' हे कारण आपल्या तोंडावर तयार असतं. पण १८५२ साली बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवून पाहिला. पाणी न गमावताही तो शिळा झाला, आणि गरम केल्यावर पुन्हा मऊ!

खरी भानगड स्टार्चची. त्यात दोन रेणू असतात: बहुतांशी सरळ साखळीचा अमायलोज आणि झाडासारखा फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. कच्च्या कणकेत या फांद्या जोडीजोडीने पीळ घालून शिस्तीत बसलेल्या असतात. तव्यावर साधारण ६० अंशांपुढे त्यांच्यात पाणी शिरतं, पीळ सुटतात, पोळी मऊ होते. निवताना ते पुन्हा पडू लागतात. अमायलोज काही तासांतच घट्ट होतो आणि त्याचे स्फटिक १०० अंशांनाही दाद देत नाहीत. अमायलोपेक्टिन मात्र सावकाश, दिवसचे दिवस स्फटिक बनवत राहतो; ते ६० अंशांच्या आसपास वितळतात. म्हणून शिळी पोळी तव्यावर मऊ होते, पण ताजीसारखी नाही. फ्रीजच्या ४ अंशांना ही स्फटिक बनण्याची प्रक्रिया थांबत नाही, आणखी वेगाने होते. फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबते.

'शिळी पोळी खा, मधुमेह घालवा' हा व्हॉट्सअॅपवरचा मंत्र इथूनच उचललेला. पुन्हा स्फटिक झालेलं थोडं स्टार्च पचत नाही, एवढंच त्यात खरं. मधुमेह त्याने जात नाही. गोळ्या बंद करू नका.

गंमत म्हणजे सादळलेल्या चकलीलाही आपण वातडच म्हणतो, आणि तिथे सगळं उलटं आहे. कुरकुरीत चकलीतलं स्टार्च काचेसारखं गोठलेलं असतं. हवेतलं पाणी आत शिरलं की रेणूंना हलायला वाव मिळतो आणि काचेचं रबर होतं. त्यामुळे पोळी पाण्याचा हात लावून, झाकून गरम करायची, चकली उघडी.