उंदरावर सिद्ध झालं, म्हणजे आपल्यावरही?

“अमुक वनस्पतीचा अर्क दुखणं आणि उदासी दोन्ही घालवतो. प्रयोगात सिद्ध. नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.” ठाण्यात तलावपाळीवर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं येतो. गुडघा रोज दुखत असेल तर विश्वास बसणारच.

असे प्रयोग बहुतेकदा उंदरांवरचे असतात. साधारण ५५ अंश तापलेल्या प्लेटवर उंदीर पंजा किती सेकंदांनी चाटतो, यावरून वेदना मोजतात. पाण्यात सोडल्यावर तो किती वेळ निश्चल राहतो, यावरून मनःस्थितीचा अंदाज बांधतात. पण अर्काने नुसती गुंगी आली, तरी पंजा उशिराच चाटला जाईल! म्हणून हालचालीची चाचणी वेगळी घ्यावी लागते. माणसांवर तर औषध कोणाला आणि नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी कोणाला, हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही कळू न देता तपासावं लागतं. मेसेजमध्ये अशा चाचणीचा उल्लेख आहे का, ते आधी शोधा.

‘अपाय नाही’ हेही खरं नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य नैराश्यावर उपयोगी ठरली आहे, पण तीच वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. रोजच्या गोळ्या चालू असतील तर अर्काची बाटली आधी डॉक्टरांना दाखवा.