जावातून दूरचे वेबपान वाचणे

दुसऱ्या संगणकावरच्या वेबपानाचा मजकूर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमने मागवून अक्षररूपात हाती घेण्याची क्रिया. ब्राउझर पान सजवून दाखवतो. प्रोग्रॅमच्या पदरी पडतो तो त्यामागचा कच्चा एचटीएमएल, म्हणजे रचनेच्या खुणांसह लिहिलेला मजकूर, आणि तोही आधी नुसत्या बाइटांच्या (० ते २५५ मधल्या आकड्यांच्या) रूपात.

१९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून जावात यासाठी ‘यूआरएल’ हा क्लास (तयार कोडचा साचा) आहे. त्याच्या ‘ओपनस्ट्रीम’ने बाइटांचा प्रवाह उघडायचा, ‘इनपुटस्ट्रीमरीडर’ने त्याची अक्षरे करायची आणि ‘बफर्डरीडर’ने ओळीमागून ओळ वाचायची. या पद्धतीत वेळेची मर्यादा आपणहून घालावी लागते. नाहीतर पान पाठवणारा सर्व्हर गप्प बसला की प्रोग्रॅमही ताटकळतो. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून ‘एचटीटीपीक्लायंट’ हा नवा मार्ग मिळाला. पान दुसऱ्या पत्त्यावर हलवले असेल तर तो आपणहून नव्या पत्त्यावर जात नाही, तसे स्पष्ट सांगावे लागते.

मागवणे दोन-चार ओळींचे काम. खरी गफलत होते ती अक्षरांत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागाशी संबंधित पानांवर मराठी आणि कन्नड मजकूर शेजारी शेजारी येतो, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला ती लवकर भेटते. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत, दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि गंमत म्हणजे त्यातला पहिला बाइट दोन्हींत एकच, २२४. ‘बेळगाव’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. वाचताना संकेतप्रणाली सांगितली नाही, तर जावा १७ पर्यंत प्रोग्रॅम यंत्राची नेहमीची प्रणाली धरत असे. विंडोजवर ती बहुधा १२५२ क्रमांकाची. तिच्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’. मग मराठी असो वा कन्नड, पडद्यावर त्याच ‘ए’ची रांग लागते. तोच प्रोग्रॅम कॉलेजच्या लिनक्सवर नीट चालतो, म्हणून दोष पानावर ढकलला जातो. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ प्रणाली झाली. तरीही सर्व्हरने उत्तरासोबत पाठवलेले प्रणालीचे नाव पाहून वाचणे बरे.

दुसरी चूक जरा लपलेली. १०२४ बाइटांचा एकेक तुकडा वाचून लगेच त्याची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) केली, तर तुकड्याच्या कडेला एखादे अक्षर मधोमध कापले जाते. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधी दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. सगळे बाइट गोळा करून शेवटी एकदाच स्ट्रिंग करावी, किंवा वर सांगितलेला रीडर वापरावा.

श्रीलिपी (मराठी) किंवा नुडी (कन्नड) या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत, म्हणजे युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक पद्धत वापरात येण्यापूर्वीच्या फॉन्टांत, टंकलेली पाने मात्र कोणत्याही प्रणालीने उलगडत नाहीत. तिथे मुळात रोमन खुणाच साठवलेल्या असतात; त्यांना वेगळा परिवर्तक लागतो.

मिळालेल्या एचटीएमएलमधून हवा तो भाग काढण्यासाठी ‘जेसूप’ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) सोयीची आहे. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने मागाहून भरला जाणारा मजकूर, उदाहरणार्थ बाजारभावाचा तक्ता, या मार्गाने हाती लागत नाही. तक्त्याची चौकट तेवढी रिकामी येते.