छत पांढरं म्हणजे घर थंड?

उष्ण हवामानात छताला शिंगल (छतावर एकमेकांवर चढवून बसवायचे पातळ तुकडे) निवडताना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पांढरा घ्या, काम झालं.’ हे अर्धंच खरं आहे.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी अवरक्त किरणांत असते आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे नुसता रंग बघून छत किती तापेल ते सांगता येत नाही. साधा पांढरा ॲस्फाल्ट शिंगल जवळून पाहा: खरखरीत दाणे आणि त्यांच्या फटींतून डोकावणारं काळं डांबर. म्हणूनच तो साधारण २५ ते ३० टक्केच ऊन परतवतो; गुळगुळीत पांढरा लेप नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास जातो. उलट, अवरक्त किरण परतवणारी खास रंगद्रव्यं वापरलेला तपकिरी शिंगल या साध्या पांढऱ्याच्या बरोबरीला येऊ शकतो. साधा काळा मात्र खरोखरच तापतो, त्याची बाजू घ्यायचं कारण नाही.

तेव्हा विक्रेत्याकडे नमुन्याआधी सौर परावर्तनाचा (किती ऊन परतवतो) आणि उष्णता उत्सर्जनाचा (तापल्यावर किती उष्णता बाहेर टाकतो) आकडा मागा. तोही ३ वर्षं उन्हापावसात राहिल्यानंतरचा, कारण धूळ बसली की पांढरेपणा उतरतो. आणि छताखाली उष्णतारोधक थरच नसेल, तर पहिला खर्च तिथे. रंगाचं नंतर बघता येईल.